गोऱ्ह्यांचे फुले कसे झाले? महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचा माग



परिसर अभ्यासात 'माझे कुटुंब' हा घटक आला की आपण मुलांना वंशवृक्ष काढायला सांगतो. खाली मी, वर आई-बाबा, त्यावर आजी-आजोबा. मुलं कागदावर झाड काढतात, फांद्यांना नावं लावतात, रंग भरतात. फोटो काढून आपण तो पालकांच्या ग्रुपवर टाकतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो.

पण हे झाड प्रत्येक मुलाला सारख्याच सहजतेने काढता येतं का? संगमनेर तालुक्यातल्या कोणत्याही शाळेचा पट पाहा. पिढ्यान् पिढ्या प्रवरेच्या काठी राहिलेल्या घरातली मुलं त्यात असतात, तशीच ऊसतोडीच्या हंगामात आई-वडिलांबरोबर आलेलीही असतात. कुणाचे आजोबा धरणात गाव गेल्यामुळे इकडे आलेले, कुणाची आई एकटीने मूल वाढवणारी, कुणी मामाकडे राहून शिकणारं, कुणी दत्तक. 'मूळ गाव' आणि 'वडिलांचे नाव' या दोन रकान्यांपाशी यातली काही मुलं थबकतात.

म्हणून आज एका अशा माणसाचं चरित्र घराण्याच्या बाजूने सांगतो, ज्याचं नाव आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत आहे. महात्मा जोतीराव फुले. त्यांच्या शाळा, त्यांची पुस्तकं यांबद्दल आपण दरवर्षी ११ एप्रिलला बोलतो. त्यांचं घराणं कुठून आलं, त्यांचं आडनाव कसं बदललं आणि त्यांचा वारस कोण ठरला, हे मात्र भाषणात फारसं येत नाही. ते वाचून झाल्यावर वंशवृक्षाच्या पाठाकडे परत येऊ.

कटगुण ते खानवडी

फुले घराण्याचं मूळ आडनाव गोऱ्हे. मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं खटाव तालुक्यातलं कटगुण. जोतीरावांचे पणजोबा त्या गावचे चौगुले होते. चौगुला म्हणजे गावगाड्यात पाटलाचा मदतनीस. मान लहान, कामं पुष्कळ. पाटलाचा हुकूम गावात पोचवायचा, वसुलीच्या वेळी हाताशी राहायचं.

चरित्रकार सांगतात की गावच्या कुळकर्ण्याशी त्यांचं वितुष्ट आलं आणि त्यातून त्यांना गाव सोडावं लागलं. आज बदली होऊन दुसऱ्या गावी जाणं आपल्याला किरकोळ वाटतं. त्या काळात गाव सोडणं म्हणजे वतन, जमीन, देवाचा मान आणि भाऊबंद सगळंच मागे टाकणं. ते कुटुंब पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या खानवडीला आलं. तिथे कष्ट केले, पुन्हा जम बसवला.

पण पुढच्या पिढीत तो जम टिकला नाही. पणजोबांचा एकुलता एक मुलगा शेटीबा. व्यवहारात भोळा, हातात आलेलं सांभाळता आलं नाही. मिळकत गेली आणि शेटीबा पोटापाण्यासाठी बायकापोरांसह पुण्याला आले. मुलं तीन: राणोजी, कृष्णा आणि गोविंद.

म्हणजे दोन पिढ्यांत दोन वेळा गाव सुटलं. एकदा अधिकाऱ्याशी झालेल्या वैरामुळे, एकदा गरिबीमुळे. आपल्या वर्गातल्या मुलांच्या घरी चौकशी केलीत, तर गाव सुटण्याची हीच दोन कारणं पुन्हा पुन्हा निघतील. तिसरं कारण दुष्काळ.

आडनाव धंद्याने दिलं

पुण्यात या तीन पोरांना एका फुलमाळ्याने हाताशी धरलं. त्याच्याकडे ती फुलं लावायला, गुंफायला शिकली. हात इतका बसला की दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या वाड्यात त्यांनी केलेल्या फुलांच्या गाद्या आणि सणसमारंभाची सजावट जाऊ लागली. काम पाहून पेशव्यांनी त्यांना ३५ एकर जमीन इनाम दिली. इनाम म्हणजे सारा माफ.

लोक या भावांना फुलेवाले म्हणून ओळखू लागले. गोऱ्हे मागे पडलं, फुले पुढे आलं. आपण आज ज्या आडनावाने विद्यापीठं, मंडया आणि पेठा ओळखतो, ते आडनाव जोतीरावांच्या जन्माच्या वेळी जेमतेम एका पिढीचं होतं. आपल्याच जिल्ह्यात राहुरीला १९६८ पासून असलेल्या कृषी विद्यापीठालाही तेच नाव आहे.

इनाम मिळालं, पण भावाभावांत टिकलं नाही. थोरल्या राणोजींनी ती जमीन आपल्याच ताब्यात घेतली. धाकट्या गोविंदरावांनी भांडत न बसता शेती आणि फुलं-भाजीपाल्याचं दुकान यांवर संसार उभा केला. त्यांचं लग्न झगडे पाटलांच्या चिमणाबाईंशी झालं. त्यांना दोन मुलगे: थोरला राजाराम, धाकटा जोती.

समुद्रापलीकडचं एक उदाहरण

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. जोतीराव विशीत होते तेव्हा युरोपात आयर्लंडमध्ये काय चाललं होतं ते पाहा. १८४५ पासून तिथल्या बटाट्यावर करपा पडला. बटाटा हेच तिथल्या गरीब कुळांचं रोजचं जेवण. पुढच्या सहा-सात वर्षांत सुमारे १० लाख माणसं भुकेने आणि रोगाने गेली, आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. १८४७ साली कॉर्क परगण्यातलं एक कुळाने शेती करणारं कुटुंब असंच बोटीत बसून अमेरिकेला गेलं आणि मिशिगन राज्यात शेती करू लागलं. त्या कुटुंबात विल्यम नावाचा एक तरुण होता. जोतीरावांहून वर्षाने मोठा. त्याचा मुलगा म्हणजे मोटारवाला हेन्री फोर्ड.

अशा आयरिश घराण्यांचे वंशज आज आपली मुळं शोधतात तेव्हा त्यांनाही अडचणी येतात. अमेरिकेत गेल्यावर कित्येकांच्या आडनावांची रूपं बदलली. १९२२ साली डब्लिनच्या सरकारी दफ्तरखान्याला आग लागली, त्यात जुन्या जनगणनेचे बरेच कागद जळाले. मग ते चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्या पाहतात, कुणाकडे किती जमीन कसायला होती याच्या नोंदी पाहतात, बोटीतल्या उतारूंच्या याद्या पाहतात. एका ठिकाणी नाव मिळालं की दुसऱ्या ठिकाणी ताडून बघतात.

कटगुणचे गोऱ्हे आणि कॉर्कचे फोर्ड यांची एकमेकांशी कधी गाठ पडली नाही. पण शेतकरी कुटुंबाला मुळासकट उखडणारी कारणं दोन्हीकडे ओळखीचीच: जमिनीवर हक्क नसणं किंवा तो जाणं, वरच्यांची सत्ता आणि भूक.

आईविना वाढलेला जोती

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. ते वर्षाचे होण्याआधीच चिमणाबाई वारल्या. गोविंदरावांनी दुसरं लग्न केलं नाही. मुलांना वाढवलं ते नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागर यांनी. त्या बालविधवा होत्या. एका मिशनरी साहेबाच्या घरी मुलं सांभाळण्याचं काम करत. त्या घरात कानावर पडलेलं इंग्रजी त्यांना समजू लागलं होतं, आणि शिक्षणाने माणसाचं काय होतं हे त्यांनी जवळून पाहिलं होतं.

वंशवृक्षाच्या नेहमीच्या चौकटीत सगुणाबाईंना जागा कुठे आहे? आईच्या रकान्यात त्यांचं नाव बसत नाही. पण त्यांच्याशिवाय जोतीरावांचं चरित्र सांगता येत नाही.

जोती पंतोजींच्या शाळेत जाऊ लागला. लवकरच लोकांनी गोविंदरावांच्या मनात भरवलं की माळ्याच्या पोराला शिकून काय करायचंय, तो शेतीतूनही जाईल. शाळा सुटली. पोरगा वडिलांबरोबर मळ्यात काम करू लागला. १८४० मध्ये, तेराव्या वर्षी, त्याचं लग्न झालं. मुलगी सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांची, नऊ वर्षांची सावित्री.

शेजारी राहणारे गफार बेग मुन्शी आणि लिजिट नावाचे साहेब यांनी या मुलाची हुशारी ओळखली. त्यांनी गोविंदरावांना समजावलं. १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत पुन्हा बसले आणि १८४७ पर्यंत शिकले. पालकांनो, इथे जरा थांबून बघा. गोविंदराव मुलाचे वैरी नव्हते. लोकांच्या बोलण्याने त्यांनी शाळा सोडवली आणि लोकांच्याच समजावण्याने पुन्हा घातली. शाळा सुटू पाहणाऱ्या मुलाच्या घरी जाऊन बोलणारं कुणीतरी लागतं.

घर सोडावं लागलं

पुढचा भाग आपल्याला माहीत आहे. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई आधी स्वतः शिकल्या, मग शिकवू लागल्या. त्यानंतर अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीही शाळा निघाल्या.

यामुळे घराण्यावर काय आलं, ते पाहू. जातीतले आणि शेजारचे लोक गोविंदरावांना बोलू लागले. बेचाळीस पिढ्या नरकात जातील, अशा तऱ्हेचा धाक त्या काळी खरा वाटायचा. १८४९ मध्ये गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला सांगितलं की शाळा सोडा नाहीतर घर सोडा. दोघांनी घर सोडलं.

पणजोबांना गावकीच्या सत्तेने बाहेर काढलं होतं. आजोबांना गरिबीने. जोतीराव आणि सावित्रीबाई मात्र स्वतःच्या निवडीने बाहेर पडले. सलग चार पिढ्यांच्या या घराण्यात ही तिसरी सोडचिठ्ठी, पण पहिल्या दोन्हींपेक्षा निराळी.

शाळांच्या पैशावर त्यांचं पोट नव्हतं. जोतीरावांनी बांधकामाची कंत्राटं घेतली, मांजरीला शेती केली, भाजीपाला पिकवला. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशीही त्यांचा कंत्राटदार म्हणून संबंध आला. ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' पूर्ण केलं. त्यात सावकार, कोर्टकचेऱ्या, सरकारी कामगार आणि कुळकर्ण्याची लेखणी या सगळ्यांमध्ये अडाणी शेतकरी कसा पिळला जातो, याचं वर्णन आहे. कटगुणहून कुळकर्ण्याशी वैर होऊन निघालेल्या माणसाचा पणतू ते लिहीत होता, हे लक्षात घेऊन वाचलं तर ते पुस्तक वेगळं दिसतं.

१८७६-७७ च्या दुष्काळात आपल्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात ओतूरला सावित्रीबाई मदतीच्या कामासाठी आल्या होत्या. संगमनेरहून ओतूर फार लांब नाही. दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांसाठी धनकवडीला बालाश्रम चालवला गेला. गाव सोडून आलेली उपाशी पोरं फुले पती-पत्नींना परकी वाटली नाहीत.

वारस कोण?

जोतीराव-सावित्रीबाईंना मूल झालं नाही. नातेवाइकांनी दुसरं लग्न करण्याचा आग्रह धरला. वंश चालवायला मुलगा हवा, हा त्या काळचा सर्वमान्य हिशोब. जोतीरावांनी तो मानला नाही.

१८६३ मध्ये त्यांनी घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं होतं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल मारू नये, यासाठी. त्याच गृहात काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेने मुलाला जन्म दिला. १८७४ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी ते मूल दत्तक घेतलं. त्याचं नाव यशवंत.

दत्तक तेव्हाही घेतले जात, पण भावकीतला, आपल्या रक्ताचा, आपल्या जातीचा मुलगा पाहून. इथे सगळंच उलटं होतं. ज्याला समाज बापाचं नाव द्यायला तयार नव्हता, त्याला जोतीरावांनी आपलं नाव दिलं. तेच नाव, जे त्यांच्या वडील-चुलत्यांनी फुलं गुंफून मिळवलं होतं.

१८८७ मध्ये त्यांनी मृत्युपत्र केलं. मिळकत सावित्रीबाई आणि यशवंत यांच्याकडे राहील अशी व्यवस्था त्यात केली. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी यशवंतचं लग्न हडपसरच्या ग्यानोबा ससाणे यांच्या मुलीशी, राधाशी, सत्यशोधक पद्धतीने झालं. यशवंत पुढे डॉक्टर झाला.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेपुढे टिटवे धरण्याचा मान वारसाचा. भाऊबंदांपैकी पुतण्याने तो हक्क सांगितला. दत्तक मुलाला, तोही अशा जन्माचा, त्यांना तो द्यायचा नव्हता. मयताच्या दारात वाद उभा राहिला.

तेव्हा सावित्रीबाई पुढे आल्या. टिटवे त्यांनी स्वतः हातात घेतलं, अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या आणि अग्नीही त्यांनीच दिला. बाईने स्मशानात जायचं नाही, अशी रूढी असलेल्या काळात.

सात वर्षांनी पुण्यात प्लेग आला. यशवंतने हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. सावित्रीबाई आजारी माणसांना तिथे पोचवत होत्या. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. ज्या मुलाच्या हक्काबद्दल भावकीने प्रश्न उभा केला होता, तो त्या वेळी आईबरोबर रोग्यांत काम करत होता.

आता वर्गातला वंशवृक्ष

या घराण्याची पिढ्यांची यादी केली तर अशी होते:

- पणजोबा: आडनाव गोऱ्हे, कटगुणचे चौगुले, नंतर खानवडी
- आजोबा शेटीबा: खानवडी, नंतर पुणे
- वडील गोविंदराव: पुणे, शेती आणि फुलं-भाजीचं दुकान, आडनाव फुले
- जोतीराव आणि सावित्रीबाई: पुणे
- यशवंत: दत्तक, डॉक्टर

ही यादी खरी आहे, पण अपुरी आहे. पुण्यातला तो फुलमाळी, सगुणाबाई, मुन्शी आणि साहेब, काशीबाई यांच्यापैकी कुणीच त्यात नाही. त्यांच्याशिवाय मात्र ही यादी पुढे सरकतच नाही. म्हणून वर्गात वंशवृक्ष घेताना तीन बदल करून पाहा.

पहिला बदल: नावांबरोबर गावं लिहायला सांगा. कोण कुठून कुठे आलं आणि का? बागाईत भागातल्या मुलांना हे विशेष आवडेल. प्रवरेवर ओझरच्या बंधाऱ्यापासून कालवे निघाले, तिकडे गोदावरीचे कालवे झाले, तेव्हा सासवडकडचे माळी बागाईतदार खंडाने जमिनी घेऊन ऊस करायला आपल्या जिल्ह्यात आले. सासवड पुरंदरमध्येच, आणि खानवडीही पुरंदरमध्येच. मुलांना नकाशावर बोट फिरवू द्या. कुलदैवत, देवक आणि आजीच्या बोलण्यातले वेगळे शब्द यांवरूनही जुन्या गावाचा सुगावा लागतो.

दुसरा बदल: पुरावा कसा शोधतात ते दाखवा. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर हा पहिला कागद, आणि तो आपल्याच कपाटात असतो. मग जुने फेरफार आणि सातबारा, जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक, घरातल्या पेटीत पडलेले मोडीतले कागद. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या घराण्यांची नावं पिढ्यान् पिढ्या लिहिलेली असतात. एका कागदावर विसंबू नये, दोन ठिकाणी ताडून पाहावं, ही सवय इतिहासाच्या कुठल्याही धड्याइतकीच मोलाची आहे. हे काम वरच्या वर्गांना द्या, आणि जातीच्या नोंदीचा विषय वर्गात उघडा पडणार नाही याची काळजी घ्या.

तिसरा आणि सगळ्यात महत्त्वाचा बदल: झाडाला एक मोकळी फांदी ठेवा. तिथे लिहायचं, मला ज्यांनी वाढवलं, शिकवलं, आधार दिला ती माणसं. ही फांदी सगळ्या मुलांसाठी ठेवा, निवडक मुलांसाठी नको. म्हणजे ज्याच्या वडिलांचा रकाना रिकामा आहे ते मूल एकटं पडणार नाही. कुणी मावशीचं नाव लिहील, कुणी शेजारच्या आजीचं, कुणी अंगणवाडीच्या ताईंचं. एखादं मूल काहीच लिहीत नसेल, तर सगळ्यांसमोर विचारू नका. मधल्या सुट्टीत जवळ बसा.

पालकांनो, तुमच्याकडून एवढंच हवं. मुलाने घराण्याबद्दल विचारलं की फक्त मानाच्या गोष्टी सांगू नका. गाव का सोडलं, जमीन कशी गेली, भावाभावांत काय झालं, कुणाच्या घरी आसरा मिळाला, हेही त्याच्या वयाला झेपेल असं सांगा. शेटीबांच्या हातून मिळकत गेली, राणोजींनी इनाम ठेवून घेतलं, गोविंदरावांनी मुलाला घराबाहेर काढलं. हे सगळं चरित्रांत लिहिलेलं आहे, आणि त्यामुळे जोतीराव कणभरही लहान झालेले नाहीत.

पुण्याला सहल काढलीत तर गंज पेठेतल्या फुले वाड्यात मुलांना जरूर न्या. ती पेठ आज महात्मा फुले पेठ म्हणून ओळखली जाते. तिथे उभं राहून मुलांना एकच विचारा: या घरात कोण कोण राहायचं? मुलं आधी जोतीराव आणि सावित्रीबाई म्हणतील. मग कुणीतरी यशवंतचं नाव घेईल. काशीबाईंचं नाव कुणी घेतलं नाही, तर ते तुम्ही घ्या.